भुजंगाचा रथ

पिठाच्या गिरणीत येऊन जात्याची चौकशी करणारा माणूस बेबीनंदानं त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिला.

शहात्तर सालचा हिवाळा होता. तेव्हाचं शहागड म्हणजे गोदावरीवरचा पूल, पुलाच्या अलीकडे चहाची दोन हॉटेलं, एक पंक्चरचं दुकान आणि सर्जेरावाची गिरणी. दुपार कलली की गिरणीच्या इंजिनाची फट्‌-फट्‌ साऱ्या गावाला ऐकू यायची, आणि तो आवाज आला की बायका ज्वारीचे डबे उचलून निघायच्या. बेबीनंदाही डबा घेऊन रांगेत उभी होती. औरंगाबादहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवणारी हिवाळे बाई. पण गिरणीच्या रांगेत सगळे डबे सारखेच.

"इथं कुणाकडे चालू जातं आहे का?" दारात उभ्या असलेल्या तरुणानं विचारलं. खांद्याला जड पेटी, अंगात खादीचा झब्बा, पायात धुळीनं भरलेल्या चपला.

सर्जेरावानं इंजिनाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "गिरणीत येऊन जातं इचारून राह्यले? धंदा बंद करू का मी?"

बायका खिदळल्या. तरुणही हसला, पण हटला नाही. "मी जालन्याचा आहे, जुन्या जालन्यातला. संपत रत्नपारखे. कलकत्त्याला तौलनिक साहित्याचा अभ्यास करतो."

"म्हंजी काय करता?"

"वेगवेगळ्या भाषांतली गाणी शेजारी शेजारी ठेवायची आणि बघायचं... तोलून बघायचं, म्हणा ना."

"तोलायचंच काम हाय तर मंग या इकडं! काटा तुमच्या हाती देतो, मी जरा चहा पिऊन येतो."

आता बेबीनंदालाही हसू आवरेना. त्यानं वळून पाहिलं. दारात उभं राहून त्याच्या केसांवर, पापण्यांवर पीठ बसलं होतं, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

"तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्यात," ती म्हणाली.

त्यानं घाईनं हात फिरवला.

"एक राहिली."

त्यानं पुन्हा हात फिरवला, नेमका पुसलेल्याच भुवईवर. तिनं दुसरी तशीच राहू दिली. तसाच बरा दिसत होता तो...

"जातं माझ्या आत्याकडं आहे," डबा फळीवर ठेवत ती म्हणाली. "रोज चालतं. गिरणीच्या पिठाची भाकरी तिला गोड लागत नाही."

"गिरिजाबाईमुळं माझं एक गिऱ्हाईक कमी हाय," सर्जेराव म्हणाला. "जा साहेब, जा. तिथं तुम्हालाच दळाया लावन ती!"

आणि झालंही तसंच.

गिरिजाबाई बेबीनंदाच्या वडिलांची थोरली बहीण. एकाच अंगणात दोन घरं होती. एकात तिचे वडील साहेबराव मास्तर आणि बेबीनंदा, दुसऱ्यात आत्या. संपतनं आपली पेटी उघडली, टेपरेकॉर्डरची चाकं फिरवून दाखवली, आणि म्हणाला, "म्हणा आत्या, जात्यावरचं गाणं."

"असं? नुसतं बसून? न्हाई बाबा येत."

"आठवून बघा ना."

"आठवाया ते डोक्यात हाय कुठं? जातं फिरलं की येतं, थांबलं की जातं."

मग दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी जात्याच्या एका बाजूला आत्या आणि दुसऱ्या बाजूला, एकाच खुंट्याला हात लावून, कलकत्त्याला शिकलेला संपत रत्नपारखे! गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. बाप्या दळायला बसलाय हे बघायला कांताबाई आली, उषाबाई आली, पलीकडल्या आळीतली कौसल्या आली. बघायला आलेल्या बायका हळूहळू जात्याशी बसू लागल्या आणि बसल्या की गाऊ लागल्या.

"पीठ न्हाई, भरडा करून राह्यलास लेका," आत्या म्हणायची. "बराबर वढ. जल्दी नको करू."

बेबीनंदाची शाळा सकाळची. ती घरी यायची तेव्हा बायका आपापल्या कामाला पांगलेल्या असायच्या आणि संपत लिंबाखाली बसून तळहातावरचे फोड मोजत... छे, मोजत नसायचा, फुंकर घालत असायचा. ओव्या तिला ऐकायला मिळाल्याच नाहीत कधी. मिळायचं ते त्यांच्यानंतरचं बोलणं. आणि पुढं पुढं, शाळेची घंटा झाली की तिची पावलं जरा भरभर पडू लागली, हे तिनं स्वतःशी नोंदवून ठेवलं. प्रयोगात एखादी गोष्ट अचानक रंग बदलायला लागली की नोंदवून ठेवायची असते, तशी.

"जुन्या जालन्यात आमच्या गल्लीत एक खाला, म्हणजे मावशी आहेत," तो एकदा सांगत होता. "चक्कीवर गातात, दख्खनीत. तिकडं तेलंगणात बायका गातात तेलुगूत. आणि इथं तुमच्या आत्या. एकीला दुसरीचं अक्षर कळणार नाही, पण श्वास घ्यायला तिघी सारख्याच जागी थांबतात. का?"

"सोपं आहे," ती म्हणाली. "खुंटा आपल्याकडं ओढताना जोर लागतो, तेव्हा श्वास बाहेर जातो. समोर गेला की हात सैल पडतो, तेव्हा आत येतो. दगड सगळीकडं सारखाच फिरतो. भाषा कुठलीही असू द्या."

त्यानं खिशातलं पेन काढलं.

"हे... हे मी लिहू का, बाई?"

"माझं नाव घालणार असाल तर लिहा. आणि बाई म्हणू नका. माझ्या वर्गात नाही आहात तुम्ही."

"असतो तर?"

"नापास केलं असतं. समोर बघत नाही तुम्ही, बोलताना भलतीकडंच बघता."

त्याचे कान लाल झाले. खरं तर तो भलतीकडं बघत नव्हता. तिच्याकडंच बघत होता आणि ती बघायला लागली की नजर लिंबावर नेत होता. हेही तिनं नोंदवलं होतं.

एकदा त्यानं यंत्र तपासायचं म्हणून तिच्यापुढं माइक धरला. "बोला काहीतरी. काहीही."

"पाण्याचा उत्कलनांक शंभर अंश सेल्सिअस असतो," ती गंभीरपणे म्हणाली. पुढं सुचेना. "...शुद्ध असेल तर."

त्यानं ते चारदा ऐकलं. यंत्र नीट चालतंय याची खात्री करायला, म्हणे.

असे दिवस चालले होते. उन्हाला धार नव्हती, सकाळी नदीवर धुकं असायचं. दुष्काळाची वर्षं मागं पडली होती आणि त्या साली ज्वारी अशी आली होती की उभा माणूस आत शिरला तर दिसू नये. सर्जेरावानं शाळेतल्या सगळ्यांना शेतात हुरड्याला बोलावलं. "तोलणाऱ्या साहेबालाही आणा बरं का," तो बेबीनंदाला मुद्दाम म्हणाला.

आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. भाजलेलं कणीस हातावर चोळून संपतनं हिरवेगार, गरम दाणे तिच्या ओंजळीत ओतले. बोटांना बोटं लागली. दोघांनीही लागली नाहीत असं दाखवलं.

"मला सापडलाय," तो हळूच म्हणाला.

"काय?"

"काय नाही, कोण. एक विसरलेला वीर. कदाचित वीराच्याही आधीचा, एखादा जुना सूर्यदेव! ऐका हं..." आणि त्यानं ओव्या म्हणून दाखवल्या.

भुजंग माझा आला, दोन डोळे पेटवून
अंधारली वाट सारी, गेला उजेड सांडून

लाल रथ भुजंगाचा, उभा गोदेच्या काठाला
घटाघटा पितो पाणी, वाफ निघते पाठीला

"दोन पेटलेले डोळे, लाल रथ, पाणी पिणारा! तेलुगूत असाच एक रथ आहे. आणि गंमत म्हणजे चौघी बायका, चार वेगळी घरं, वेगळ्या जाती. ओवीत बाई भावाचं नाव घेते, एवढं मलाही कळतं. पण चौघींच्या भावाचं नाव भुजंग कसं असेल? म्हणजे तो भाऊ नाही!"

बेबीनंदाला आतून हसण्याची अशी उकळी फुटली की तिनं पदर तोंडाला लावला.

"काय झालं?"

"धूर... धूर गेला डोळ्यांत."

"हैदराबादला परिषद आहे. तिथं मी हेच वाचणार. जर्मनीहून एक प्राध्यापक येणार आहेत, त्यांना विषय कळवला तर त्यांनी खूप रस दाखवला. निबंध पसंत पडला तर तीन वर्षं तिकडं शिकायला नेतील मला. आपल्याकडं या विषयात अजून कुणी..." तो बोलत राहिला. विस्तवाचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर नाचत होता. इतका आनंदी तिनं त्याला कधी पाहिला नव्हता.

तीन वर्षं. तिच्या ओंजळीतला हुरडा तसाच निवून गेला.

घरी आल्यावर ती थेट आत्याकडं गेली. आत्या चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आत्या, जात्यावर सगळ्याजणी भुजंगकाकाचंच नाव का घेतात गं?"

"मंग कोणाचं घ्यावं? जातं कोणाचं हाय?"

"तुझं."

"मंग भाऊ माझाच! माझ्या जात्यावर बसून कांता तिच्या भावाचं कौतुक करन व्हय? मी तिच्या घरी दळाया गेल्ते तवा म्या तिच्या अप्पारावाचं नाव घेतलं. रीतच हाय ती."

"हे त्यांना सांगितलं नाहीस?"

"त्यानं इचारलं कुठं? ते बिचारं दळूनच दमून जायचं."

तर हे असं होतं. साहेबराव आणि गिरिजाबाई यांचा सगळ्यांत धाकटा भाऊ भुजंग सोलापूर-धुळे मार्गावर ट्रक चालवायचा. लाल ट्रक. पुलापाशी थांबून रेडिएटरमध्ये पाणी भरल्याशिवाय त्याची गाडी पुढं जायची नाही.

त्या रात्री बेबीनंदाला झोप आली नाही. बोलली नाही, तर संपत हैदराबादेत भरल्या सभेत भुजंगकाकाला सूर्यदेव ठरवणार. आज ना उद्या कुणीतरी मराठवाड्यातलं उठणार आणि हसणार. त्यापेक्षा सांगितलेलं बरं. पण सांगितलं तर निबंध कोसळणार, जर्मनी हुकणार, तो इथंच राहणार... आणि तो इथंच राहावा असं तर तिला वाटत होतं. अगदी मनापासून वाटत होतं. मग हे सांगणं त्याच्या भल्यासाठी होतं की तिच्या? रसायनशास्त्रात असं कधी होत नसे. तिथं उत्तर काय यावं असं आपल्याला वाटतं, याचा परीक्षानळीवर काही परिणाम होत नाही.

दुसऱ्या दिवशी सांज व्हायच्या सुमाराला ती त्याला पुलावर घेऊन गेली.

"इथं काय आहे?"

"तुमचा भुजंग."

तो हसला. "बाई, तुम्ही पण ना..."

"बाई म्हणू नका. आणि तिकडं बघा."

पलीकडच्या काठावरून दोन दिवे पेटवून धूळ उडवत एक ट्रक आला. लाल. पूल ओलांडून थांबला. नाकातोंडातून वाफा निघत होत्या. बाही वर सारलेला एक दणकट माणूस उडी मारून उतरला, डबडं घेऊन नदीत गेला, पाणी आणलं आणि बोनेट उघडून ओतू लागला. घट्‌-घट्‌-घट्‌...

संपतच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातलं हसणं निघून गेलं.

"बेबे!" तो माणूस ओरडला. "इकडं काय करून राह्यलीस? आन हे कोण?"

"काका, हे तुझ्यावर निबंध लिहून राह्यलेत."

भुजंगच्या हातातलं डबडं थांबलं. "माझ्यावर? पोलिसातले हायेत का? साहेब, बीडच्या नाक्यावर झालं त्यात माझी बिलकुल चूक न्हाई! म्हैसच आडवी आल्ती!"

दुसरी कुठलीही वेळ असती तर ते दोघं पोट धरून हसले असते.

ट्रक निघून गेला. पुलाच्या कठड्याला टेकून बेबीनंदानं सगळं सांगितलं. आत्याचं जातं, पाहुण्या बायकांची रीत, सगळं. "तुमचा तर्क बरोबर होता," ती शेवटी म्हणाली. "पण तुम्ही चार परीक्षानळ्या भरल्या त्या एकाच विहिरीच्या पाण्यानं."

तो खालच्या पाण्याकडं बघत होता.

"तुम्हाला कधी कळलं?"

"काल. शेतात."

"मग काल का नाही सांगितलं?"

आता खरं सांगायचं तर सगळंच सांगायला हवं होतं. "कारण... हे कळलं की तुमचं जाणं राहील. आणि तुम्ही जाऊ नये असं मला वाटतं. म्हणून माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. रात्रभर विचार केला. मग वाटलं, मला काय वाटतं ते बाजूला ठेवलं तरी भुजंगकाका सूर्य होत नाही."

त्यानं नुसती मान हलवली आणि तो चहाच्या हॉटेलमागं घेतलेल्या आपल्या खोलीकडं चालू लागला. सकाळी त्याची खोली रिकामी होती. पहिल्याच एस.टी.नं जालन्याला गेला, असं सर्जेरावानं सांगितलं. सांगताना त्यानं थट्टा केली नाही, तेच तिला जास्त लागलं.

संक्रांत आली, गेली. शेतातली ज्वारी पिवळी पडली. आत्या एकटीच दळायची आणि दळताना मध्येच थांबून म्हणायची, "त्यो भरडाच करायचा, पण वढाया बरा व्हता." बेबीनंदा वर्गात आम्ल आणि अल्क शिकवत होती आणि एकच समीकरण फळ्यावर दोनदा लिहून जात होती. आपण बरोबर केलं याची तिला खात्री होती. बरोबर केल्यानं बरं वाटतं असं मात्र कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं.

माघात एके दुपारी शाळा सुटली, तर फाटकापाशी तो उभा. झब्बा चुरगळलेला, खांद्याला तीच पेटी.

"मी पंधरा घरं फिरलो," तो एका दमात म्हणाला. नमस्कार नाही, काही नाही. "जुन्या जालन्यात, अंबडला, पार परतूरपर्यंत. प्रत्येक ठिकाणी वेगळ्या जात्यावर बसलो. खालांकडं शेजारच्या बायका आल्या तर त्यांनी खालांच्या भावाचं नाव घेतलं! तिकडं दख्खनीत, इथं मराठीत, रीत तीच. वीर कुणी नाहीच. ओवीत रथाची जागा आधीपासून तयार आहे, आणि जिचं जातं ती आपला भाऊ त्यात बसवते. ट्रक घेऊन बसवते! सूर्यदेवापेक्षा हे किती मोठं आहे, बेबीनंदा... आधीचा निबंध मी फाडून टाकला. नवा धाडला. त्या जर्मन प्राध्यापकांना तो पहिल्या विषयापेक्षा जास्त आवडलाय, तशी तार आलीय."

त्यानं तिला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. पण तिला आधी शेवटचं वाक्य ऐकू आलं.

"म्हणजे... तुम्ही जाणार."

"हो."

ती हसली. हसावंच लागलं. खरं सांगितलं तर तो राहील म्हणून ती रात्रभर तळमळली होती, आणि खरं सांगितलं म्हणूनच तो चालला होता. "छान झालं," ती म्हणाली, आणि तिला खरंच छान वाटलं. "परिषदेला कधी निघणार?"

"आज. संध्याकाळच्या रेल्वेनं. परिषद तीन दिवसांनी आहे."

बेबीनंदानं त्याच्याकडं पाहिलं. मग रस्त्याकडं. मग पुन्हा त्याच्याकडं.

"हैदराबादची रेल्वे जालन्याहून सुटते."

"हो."

"शहागड त्या वाटेवर नाही."

"नाही."

"उलट्या दिशेला आहे."

"अगदी उलट्या."

लिंबावर, रस्त्यावर, आभाळात, कुठंच न बघता तो तिच्याकडं बघत होता. "त्या दिवशी पुलावर तुम्ही दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिलीचा आवाज एवढा झाला की दुसरी मला जालन्याला पोचल्यावर ऐकू आली. मी जाऊ नये असं तुम्हाला वाटतं, म्हणालात. ते... अजून तसंच आहे?"

"तपासून बघितलं," ती म्हणाली. "पुन्हा पुन्हा बघितलं. उत्तर तेच येतं."

"मग तीन वर्षं थांबाल?"

"थांबणार नाही. मला नुसतं थांबणं जमत नाही. मी एम.एस्सी. करणार आहे, औरंगाबादला. तुम्ही परत आलात की या, पत्ता विचारत. गिरणीत आला होतात तसे."

तो हसला, आणि तीही. शाळेतून बाहेर पडणारी पोरं वळून वळून बघायला लागली, तेव्हा कुठं दोघांना कळलं की आपण रस्त्याच्या मधोमध उभे आहोत.

"तुमच्या वडिलांना कुणी सांगायचं?" त्यानं विचारलं.

"तुम्ही. तुम्हाला पाच भाषा येतात."

साहेबराव मास्तर ओट्यावर बसून पेन्सिलीला टोक करत होते. संपत अंगणात उभा राहिला. पेटी खाली ठेवली. पुन्हा उचलली. "मास्तर, मी... म्हणजे माझं असं म्हणणं आहे की... तसं पाहिलं तर..." मराठी, तेलुगू, उर्दू, बंगाली, इंग्रजी, एवढ्या भाषांतलं एकसुद्धा वाक्य त्याच्या मदतीला येईना. आत्या दारात येऊन उभी राहिली आणि तोंडावर पदर घेऊन बघू लागली.

"बाबा," बेबीनंदा शेवटी पुढं झाली, "हे जर्मनीला चाललेत. परत इकडंच येणार आहेत. माझ्यासाठी. मी हो म्हणाले."

साहेबरावांनी पेन्सिलीचं टोक बोटानं चाचपून पाहिलं. मग मुलीकडं पाहिलं, बराच वेळ. लहानपणापासून ती काही सांगायची ते पुरतं तपासून झाल्यावरच, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं!

"मंग हा माणूस उभा काहून राह्यला?" ते म्हणाले. "बसाया सांग की त्याला."

संपत ओट्याच्या कडेला टेकला. आत चुलीवर चहाचं आधण चढलं. त्या दिवशीची जालन्याला जाणारी एस.टी. कधी येऊन गेली, ते त्या अंगणात कुणालाच कळलं नाही.